कूलंट संपत नाही, ते कुठेतरी जाते

काशीला रामघाटापर्यंत मोटार जात नाही. मेहता घाटाला लागून, पंचगंगा घाटाच्या थोडे अलीकडे असलेल्या या घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या फार अरुंद आहेत. समोरून दुचाकी आली तरी भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. तरीही मराठी माणसाला या भागात परके वाटत नाही. रामघाटावरच वेदाध्ययनासाठी प्रसिद्ध असलेले सांगवेद विद्यालय आहे. जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. तीर्थविधीसाठी महाराष्ट्रातून येणारी अनेक कुटुंबे इकडेच उतरतात. गाडी मात्र मैदागिन किंवा बेनियाबागच्या बाजूला वाहनतळावर ठेवून पायी यावे लागते, आणि दोन-तीन दिवस ती तिथेच उभी राहते.

समजा, नागपूरचे एक कुटुंब आपली गाडी घेऊन काशीला आले आहे. जबलपूर, रीवा, मिर्झापूर असा सातशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता झाला. गाडीने वाटेत काही त्रास दिला नाही. काटा मध्यावरून हलला नाही. परतीच्या दिवशी सकाळी सहज म्हणून बॉनेट उघडले, तर कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. निघण्यापूर्वी घरी टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली होती. गाडीखाली ओल नाही, वास नाही, पाइप फुटलेला दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा चालक सल्ला देतो, "थोडं पाणी टाका आणि निघा. होतं असं."

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्रास पाळला जातो. बहुतेक वेळा त्या दिवशी काही बिघडतही नाही. पण या कुटुंबाला एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रीव्याकडून मिर्झापूरला येताना विंध्याचे पठार सोडून रस्ता ड्रमंडगंजच्या घाटाने खाली उतरतो. येताना इंजिनावर ताण नव्हता. जाताना तोच घाट सामानासह, भरल्या गाडीने, मालमोटारींच्या मागे हळूहळू चढायचा आहे. जी गळती उतरताना काट्यावर दिसली नाही, ती चढताना दिसू शकते. म्हणून कूलंट कुठे गेले, हा प्रश्न काशीतच सोडवलेला बरा.

बंद चक्र

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते तेव्हा सिलिंडरमधल्या वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. इंधनातल्या ऊर्जेचा एक मोठा भाग गाडी ओढण्याच्या कामी न येता नुसती उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. त्यातला काही सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटला वाहून न्यावा लागतो. पाण्याचा पंप कूलंट फिरवतो, ते इंजिनातली उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये येऊन थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. लहान मोटारीत या कामासाठी साधारण चार-पाच लिटर कूलंट असते.

हे चक्र बंद असते. पेट्रोल जळते, म्हणून ते भरावे लागते. इंजिन ऑइलही थोडे जळते. कूलंट मात्र जळत नाही. टाकीतून वर्षभरात किंचित बाष्प उडाले, तर ते समजण्यासारखे आहे. पण महिन्या-दोन महिन्यांनी टाकी भरावी लागत असेल, तर कूलंट 'संपले' असे म्हणणे चूक ठरेल. ते कुठून तरी बाहेर पडत आहे.

मग पाणी टाकून पुढे जाण्याची सवय आली कुठून? ती जुन्या गाड्यांतून आली. पूर्वीच्या अनेक गाड्यांत रेडिएटरमधले जास्तीचे पाणी तापून फुगले की एका नळीतून सरळ रस्त्यावर पडे, आणि ते परत येण्याची सोय नसे. सकाळी रेडिएटरचे झाकण काढून तांब्याभर पाणी ओतणे हा चालकाच्या नित्यक्रमाचाच भाग होता. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून, वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. गाड्या गेल्या, सवय मात्र राहिली. आजच्या गाडीत फुगलेले कूलंट टाकीत जाते आणि इंजिन थंड झाले की परत येते. अशा गाडीत वारंवार पाणी घालावे लागणे ही बिघाडाची खूण समजावी.

आधी 'केव्हा', मग 'कुठे'

बहुतेक लोक गळती शोधताना लगेच वाकून गाडीखाली पाहतात. तिथे काही दिसले नाही की गळतीच नाही, असे ठरवून मोकळे होतात. जाणकार मेकॅनिक आधी वेगळा प्रश्न विचारतो: कूलंट केव्हा कमी होते? गाडी उभी असताना, रोजच्या साध्या वापरात, की घाट चढताना आणि लांब पल्ल्यावर?

याचे उत्तर मिळवायला कोणतेही यंत्र लागत नाही. टाकीवर पातळीच्या रेषेत चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा. छोट्या वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि पातळी लिहावी. कूलंट घालावे लागले, तर किती घातले तेही मापून लिहावे. पातळी नेहमी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी सपाट जागी उभी असतानाच पाहावी. तापलेले कूलंट फुगून वर चढते. त्यामुळे रात्री पोचल्यावर पाहिलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून काहीच कळत नाही.

काशीसारख्या ठिकाणी गाडी दोन-तीन दिवस उभी राहते, तेव्हा ही तपासणी आपोआप होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खूण करावी आणि निघण्याच्या सकाळी पुन्हा पाहावे. उभ्या गाडीतच पातळी उतरली, तर गळती बहुधा बाहेरची आहे: पाइप, क्लिप, रेडिएटरचा जोड, पंप यांपैकी काहीतरी. उभ्या गाडीत पातळी जागची हलली नाही आणि प्रवासातच कमी होते, असे दिसले, तर दाब चढल्यावर कूलंट जाते. अशा वेळी झाकण, बारीक चीर किंवा इंजिनाच्या आतली गळती यांचा विचार करावा लागतो. फक्त घाटात किंवा भरल्या गाडीत कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्यावे.

एक अपवादही सांगायला हवा. नुकतेच कूलंट बदलले असेल किंवा रेडिएटर काढून बसवला असेल, तर आत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ते हळूहळू बाहेर पडतात आणि त्यांची जागा कूलंट घेते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत पातळी एकदा-दोनदा उतरली आणि मग स्थिर झाली, तर काळजीचे कारण नाही. ती उतरतच राहिली, तर मात्र आहे.

गाडीखाली थेंब का दिसत नाही?

बाहेरची गळती असूनही जमीन कोरडी राहू शकते. बारीक छिद्रातून आलेला थेंब गरम इंजिनावर पडला की त्यातले पाणी उडून जाते. मागे राहतो तो रंगाचा किंवा पांढरट क्षाराचा डाग. म्हणून ओल शोधण्यापेक्षा डाग शोधावेत. इंजिन थंड असताना विजेरी घेऊन पाइपांचे जोड, क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा आणि पत्र्याचा सांधा, थर्मोस्टॅटचे घर या जागा पाहाव्यात. पाण्याच्या पंपाला खालच्या बाजूस एक छोटे भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील खराब झाले की कूलंट त्या भोकातून पाझरते. तिथून खाली ओघळाची रेघ दिसली, तर पंपाचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. अनेक गाड्यांमध्ये खालच्या बाजूला प्लॅस्टिकचे आवरण असते. गळालेले कूलंट त्यातच साचून राहते आणि जमिनीवर पोचतच नाही. हे आवरण काढून पाहिल्याशिवाय 'गळती नाही' असे म्हणू नये.

हिवाळ्यातली गंमत आणखी वेगळी. जानेवारीत काशीची पहाट चांगलीच गारठलेली असते. थंडीत रबर आणि धातू आकसतात, क्लिपेची पकड सैल पडते आणि पहाटे थेंब पडतात. इंजिन तापले की सगळे पुन्हा घट्ट बसते आणि गळती थांबते. दुपारी गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिकला काहीच सापडत नाही. अशा वेळी गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये ठेवून, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहायला सांगावे.

याउलट गाडीखाली पाणी दिसले म्हणजे कूलंटच गळते असेही नाही. एअर कंडिशनर चालू असताना हवेतले बाष्प थिजून स्वच्छ पाणी नळीतून खाली पडते. उन्हाळ्यात ते बरेच असते. पांढऱ्या कागदावर थेंब घ्यावा. रंग नाही, वास नाही, बोटांना चिकटपणा नाही, तर ते एसीचे पाणी. हिरवा, गुलाबी किंवा निळसर रंग आणि बोटांना बुळबुळीत स्पर्श असेल, तर कूलंट.

गळतीची आणखी एक जागा गाडीच्या आत असते. डॅशबोर्डमागे हिटरचा छोटा रेडिएटर असतो. तो पाझरू लागला की काचेवर आतून तेलकट धुके जमते, गाडीत गोडसर वास येतो आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. आपल्याकडे हिटर क्वचित लावला जातो, म्हणून हे कित्येक महिने लक्षात येत नाही.

सर्वांत स्वस्त संशयित

कूलंटच्या चक्रातला सर्वांत स्वस्त भाग म्हणजे झाकण. त्याचे काम मात्र फार मोठे आहे. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळते. पण कुकरप्रमाणे दाब वाढवला की ते आणखी वरच्या तापमानाला उकळते. गाडीच्या झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक बारचा, म्हणजे वातावरणाइतकाच जादा दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाला साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यात निम्मे ग्लायकॉल असेल, तर उकळबिंदू आणखी वर जातो.

झाकणाची स्प्रिंग थकली किंवा रबर चिरले की हा दाब टिकत नाही. कूलंट लवकर उकळते, वाफ होऊन निघून जाते आणि मागे फारशी खूण राहत नाही. 'कारण कळत नाही' अशा कित्येक तक्रारींमागे हे झाकण असते. म्हणून त्याच दाबाचे, त्या गाडीसाठीच असलेले नवे झाकण बसवून पाहणे हा पहिला उपाय. टाकी जुनी होऊन पिवळी पडली असेल, तर तिच्या सांध्यावर केसाएवढी चीर आहे का, तेही पाहावे. झाकणाची किंमत शेकड्यांत असते. इंजिनाचे हेड उतरवण्याचा खर्च हजारांत जातो. तपासाचा क्रम कोणता असावा, हे एवढ्यावरूनच ठरते.

कूलंट इंजिनाच्या आत जाते तेव्हा

बाहेर काहीच सापडले नाही आणि झाकणही चांगले निघाले, तर आतल्या गळतीचा विचार करावा. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. एकाच गॅस्केटने जळणारे वायू, तेल आणि कूलंट या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवायचे असते. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गाडी एकदा जरी जास्त तापली, तरी हेड किंचित वाकते आणि गॅस्केट कुठेतरी जागा सोडते. म्हणजे कूलंट कमी झाले म्हणून गाडी तापते आणि गाडी तापली म्हणून गॅस्केट जाऊन कूलंट आणखी कमी होते. हे दुष्टचक्र सुरुवातीलाच तोडायचे असते.

आतल्या गळतीच्या खुणा अशा:

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन काही क्षण अडखळते आणि मग सुरळीत चालते. रात्रभर सिलिंडरमध्ये थोडे कूलंट झिरपलेले असते.

इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. थंडीच्या पहाटे सुरुवातीला दिसणारी वाफ मात्र सर्वच गाड्यांना येते. ती पाच-दहा मिनिटांत थांबली, तर घाबरू नये.

थंड इंजिन सुरू करताच एखाद्या मिनिटातच वरचा होजपाइप दगडासारखा टणक होतो, किंवा टाकीत सतत बुडबुडे येत राहतात. जळालेले वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचे हे लक्षण आहे.

तेल पाहण्याच्या पट्टीवर तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसते. तेल भरण्याच्या झाकणाखालचा थोडासा फेस मात्र पुरावा मानू नये. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो हवेतल्या ओलाव्यानेही जमतो. पट्टीवरचेच तेल दुधाळ असेल, तर गाडी अजिबात सुरू करू नये. ओढून न्यावी. अशा तेलाने इंजिनाचे बेअरिंग खराब होतात आणि खर्च कितीतरी वाढतो.

अलीकडच्या डिझेल गाड्यांत आणखी एक जागा पाहावी लागते. धुरातला काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था त्यांत असते आणि तो धूर कूलंटनेच थंड केला जातो. हा थंड करणारा भाग आतून फुटला, तर कूलंट सरळ धुराबरोबर निघून जाते. बाहेर डाग नाही, तेलात पाणी नाही, गॅस्केटही ठीक. तरी टाकी रिकामी होत राहते. हा भाग तपासल्याशिवाय हेड उतरवू देऊ नये.

हेड उतरवण्यापूर्वी

गॅरेजमध्ये गेल्यावर ग्राहकाने दोन चाचण्यांची नावे लक्षात ठेवली, तरी त्याचे बरेच पैसे वाचतात.

पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनाचे झाकण काढून तिथे काटा असलेला हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. मग दहा-पंधरा मिनिटे थांबतात. काटा जागचा हलला नाही, तर थंड इंजिनात गळती नाही. उतरला, तर गळती आहे, आणि त्या दाबाने ती बहुधा डोळ्यांना दिसतेच. काटा उतरतो पण बाहेर थेंबही नाही, तर कूलंट आत किंवा हिटरमध्ये जाते आहे. याच पंपाने झाकणाचीही परीक्षा होते.

दुसरी गॅस टेस्ट. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरून, इंजिन चालू ठेवून वरची हवा त्या द्रावातून ओढतात. कूलंटमध्ये जळालेला वायू शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. हेड गॅस्केटबद्दलचा संशय खरा की खोटा, हे इंजिनाचा एकही बोल्ट न काढता कळते. संशय उरलाच, तर प्लग काढून पाहावेत. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जाते, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा इतरांपेक्षा स्वच्छ दिसतो.

"हेड खोलावे लागेल" असे कोणी म्हटले, तर "कोणत्या चाचणीवरून?" एवढे नम्रपणे विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. हेड उतरवावेच लागले, तर नुसते गॅस्केट बदलून थांबू नये. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे पट्टी लावून तपासायला आणि गरज असल्यास फेसिंग करून घ्यायला सांगावे. वाकलेल्या हेडवर बसवलेले नवे गॅस्केट फार दिवस टिकत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि पाहावा.

वाटेत गाडी तापली तर

काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकला किंवा दिवा लागला, तर आधी एसी बंद करावा, सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. लगेच थांबायला जागाच नसेल, तर खिडक्या उघडून हिटर पूर्ण सोडावा. आतल्या माणसांना त्रास होईल, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर निघेल. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार करू नये. तापलेले इंजिन त्या चार-पाच किलोमीटरांतच जाम होऊ शकते.

काट्यावर पूर्ण विश्वासही ठेवू नये. कूलंट इतके कमी झाले की तापमान मोजणारा भाग उघडा पडला, तर काटा चढण्याऐवजी खालीही येऊ शकतो. वाफ, वास किंवा इंजिनाचा वेगळा आवाज आला, तर काटा काहीही दाखवो, थांबावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. आतले द्रव दाबामुळे शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते एका क्षणात उसळून तोंडावर, हातांवर येते. अशा भाजण्याने दृष्टी जाण्याचाही धोका असतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरच्या पाइपला हात लावून तो कोमट झाल्याची खात्री करावी. मग जाड कापड ठेवून, तोंड बाजूला करून झाकण थोडेच फिरवावे आणि फुसकारा थांबेपर्यंत वाट पाहावी. मुलांना या वेळी गाडीपासून लांब ठेवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. धातू एकदम आकसून हेडला तडा जाऊ शकतो.

हळद, पावडर आणि गंगाजल

महामार्गावर अजूनही एक जुना उपाय ऐकायला मिळतो: रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची. हळदीचे कण बारीक छिद्रात जाऊन बसतात आणि गळती काही काळ थांबते, हे खरे. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरी आणि द्रवही याच तत्त्वावर चालतात. पण ज्या कणांना गळतीचे छिद्र बुजवता येते, त्यांना रेडिएटरच्या आणि हिटरच्या बारीक नळ्याही बुजवता येतात. आडरानात दुसरा मार्गच नसेल, तर गोष्ट वेगळी. घराजवळ, गॅरेज हाताशी असताना हा उपाय करू नये.

पाण्याचेही तसेच. अडचणीच्या वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. पण विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी नेहमी वापरले, तर आत क्षार जमतात. काशीहून परतणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या डिकीत गंगाजलाचा डबा असतो. तो देव्हाऱ्यासाठीच राहू द्यावा. नदीच्या पाण्यातला गाळ रेडिएटरला मानवत नाही. प्रवासाला निघताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे एक लिटर तयार कूलंट जवळ ठेवले की प्रश्नच येत नाही. कूलंटची निवड रंगावरून करू नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग निर्माते आपापल्या पसंतीने देतात. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली, तर गंजापासून मिळणारे संरक्षण कमी होते आणि कधीकधी आत चिकट साका तयार होतो. पाणी घालून वेळ निभावली असेल, तर नंतर ते सर्व काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

घरातल्यांनी जपायची गोष्ट

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. थोडेसे पोटात गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो. लहान मुले आणि कुत्री-मांजरे गोड चवीमुळे ते चाटतात. म्हणून उरलेले कूलंट शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. अंगणात सांडले, तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे. कोणी प्यायल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

परतीच्या आधी

काशीतल्या त्या कुटुंबाने काय करावे? प्रथम थंड इंजिनात कूलंट योग्य खुणेपर्यंत भरावे आणि किती लागले ते लिहावे. डाग शोधावेत, झाकणाचे रबर पाहावे, तेलाची पट्टी पाहावी. मग शहरातल्याच एखाद्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. त्यासाठी फार तर तासभर लागतो. क्लिप सैल निघाली किंवा झाकण खराब निघाले, तर काम तिथेच संपते. काटा स्थिर राहिला, तर निघायला हरकत नाही, पण घाटापूर्वी हनुमानाच्या भुकेल्या मुलांना बिस्किटे देण्यासाठी थांबतो तसे दर दीड-दोन तासांनी थांबून टाकीबाहेरूनच पातळीवर नजर टाकावी. झाकण उघडायचे नाही. गॅस टेस्टमध्ये रंग पिवळा झाला किंवा तेल दुधाळ दिसले, तर मात्र मुक्काम वाढवावा. रेल्वेने परतून गाडी नंतर न्यावी लागली, तरी चालेल. वृद्ध आईवडील आणि मुले यांना घेऊन घाटात वाफाळणाऱ्या गाडीजवळ उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.

घरी पोचल्यावरही वही बंद करू नये. महिनाभर आठवड्यातून एकदा, सकाळी थंड इंजिनात पातळी पाहून लिहावी. चार नोंदी सारख्या आल्या, तर दुरुस्ती बरोबर झाली. रेषा पुन्हा खाली सरकली, तर तीच वही मेकॅनिकपुढे ठेवावी. "कूलंट कमी होतं हो" असे सांगण्यापेक्षा "सहाशे किलोमीटरला पाव लिटर, तेही फक्त महामार्गावर" असे सांगितले, तर त्याचे अर्धे काम झालेले असते.